फुकटचं सुमो आणि बाबांचा ऑटो: सहा महिने वापरून

"सुमो शिकून राहिली म्हणते, मग लायसन काढलं का?"

बाबांचा हा पहिला प्रश्न. त्यांच्या डोळ्यांपुढे टाटा सुमो, १९९४ साली आलेली, सुमंत मुळगावकरांच्या नावातले 'सु' आणि 'मो' घेऊन बारसं झालेली. बावीस वर्षं ऑटो चालवलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार? मी म्हटलं, बाबा, हे सुमो लॅपटॉपवर चालतं. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि परत वरणात बुडवला.

तर अभिप्राय त्या सुमोचा. 'सिम्युलेशन ऑफ अर्बन मोबिलिटी' हे त्याचं पूर्ण नाव. शहरातली वाहतूक कॉम्प्युटरवर, एकेक गाडी सुटी मोजून, चालवून पाहायचं सॉफ्टवेअर. जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ संशोधन केंद्राच्या बर्लिनमधल्या वाहतूक विभागात ते घडलं आणि २००१ पासून कोणालाही फुकट उतरवून घेता येतं. आता एक्लिप्स फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या छताखाली आहे, सोर्स कोड उघडा आहे, कंपनीच्या कामाला वापरलं तरी कोणी पैसे मागत नाही.

माझ्याबद्दल थोडं. सिव्हिलचा डिप्लोमा, मग बी.ई., मग चार वर्षं नागपुरातल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत ट्रॅफिक सर्व्हे. म्हणजे चौकात उभं राहून कागदावर काड्या मारायच्या, चार उभ्या आणि एक आडवी. मे महिन्यात, ४५ डिग्रीत, डोक्यावरून दुपट्टा आणि वर टोपी. रिपोर्ट दुसरे लिहायचे, मॉडेल तिसरेच चालवायचे. आपल्या काड्यांचं पुढे काय होतं हे मला तीन वर्षं कळलं नव्हतं, आणि ते कळावं म्हणूनच मी क्लास लावला.

क्लासचं आधी सांगून टाकते, कारण पैसे तिथेच गेले. बर्डीवरच्या एका क्लासने (नाव घेत नाही, पावती कच्ची होती एवढं सांगते) 'ट्रॅफिक सिम्युलेशन, सर्टिफिकेट, शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणून माझ्याकडून २८ हजार घेतले. शनिवार-रविवार, दोन महिने. शिकवायला व्हिसिम होतं. व्हिसिम हे कार्ल्सरूच्या पीटीव्ही कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर. चांगलं आहे, त्यात वाद नाही, आणि रस्त्यांचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करणाऱ्या कन्सल्टन्सींच्या जाहिरातींत त्याचंच नाव असतं. पण क्लासमधली प्रत कुठून आली हे विचारायची सोय नव्हती. सर एक तयार फाइल उघडायचे, सुरू करायचे, थ्रीडी गाड्या पळू लागल्या की पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढायची. मी एकदा विचारलं, "सर, या बाजूने ताशी नऊशे गाड्या हा आकडा आला कुठून?"

"ते डेटा कलेक्शन मॅडम. आपल्या सिलॅबसमध्ये नाही."

मी जे आयुष्यभर करत आले तेच नेमकं सिलॅबसमध्ये नव्हतं. प्लेसमेंटचा फोन आला तो ऑटोकॅडवर नळाच्या लायनी काढायच्या कामाचा. महिना नऊ हजार, पेट्रोल आपलं.

सुमो मी त्या रागातच उतरवून घेतलं. इन्स्टॉल करण्यात सांगण्यासारखं काही नाही, विंडोजवर सरळ होतं, सोबत पायथन टाकून घ्यावं. माझा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, एक बिजागरी तुटलेली, पडदा मागे उशी लावून उभा करते. त्यावरही एक चौक बिनबोभाट चालतो. सोबत 'ओएसएम वेब विझार्ड' नावाचं एक साधन येतं. ब्राउझरमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा उघडतो, आपल्याला हवा तेवढा तुकडा निवडायचा, बटण दाबायचं. दहा मिनिटांत मानेवाडा रोडवरचा आमच्या घराजवळचा सिग्नल पडद्यावर आला आणि त्यावर पिवळ्या पिवळ्या गाड्या धावू लागल्या.

राँग साइडने. सगळ्याच्या सगळ्या. डावीकडून चालायचं असेल तर त्याची वेगळी खूण करावी लागते, ती मी केली नव्हती, म्हणून अख्खं मानेवाडा उजव्या बाजूने निघालं. चुलतभाऊ म्हणाला, "बरोबरच तर आहे बे!"

दुसरी गंमत गाड्यांच्या यादीत. कार आहे, ट्रक आहे, बस, मोटरसायकल, सायकल, ट्राम, रेल्वे, एवढंच काय, जहाजही आहे. फुटाळा तलावात सोडायचं का? पण ऑटो नाही. शोधल्यावर कळलं की पडद्यावर दिसायला 'रिक्षा' नावाचा एक आकार आहे, पण गाडी आपणच घडवायची: लांबी किती, रुंदी किती, वेग किती, पिकअप कसा. मी खाली अंगणात जाऊन बाबांचा ऑटो टेपने मोजला. २.६ मीटर लांब, १.३ रुंद. शेजारच्या काकू विचारत होत्या, विकायचा आहे का?

बाबांना मॉडेल दाखवलं ती रात्र मला क्लासच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त शिकवून गेली. सुमोमध्ये गाडीमागे गाडी कशी चालते हे ठरवणारं मूळ सूत्र जर्मन संशोधक श्टेफान क्राउस यांचं, १९९८ चं. पुढची गाडी अचानक थांबली तरी आपली धडकणार नाही एवढाच वेग ठेवायचा, हा त्याचा गाभा. त्यात 'सिग्मा' नावाचा एक आकडा आहे, ड्रायव्हर किती कच्चा आहे हे सांगणारा, शून्य म्हणजे अगदी यंत्र, एक म्हणजे फारच ढिसाळ. आपण वेगळा न सांगता तो ०.५ असतो. आणि थांबलेल्या दोन कारमधलं अंतर न सांगता २.५ मीटर असतं.

बाबा खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला. सिग्नल लाल होता, पिवळ्या कार एकामागे एक, सारख्या अंतरावर.

"ह्या अशा लायनीत काहून उभ्या हाय? मंत्री येऊन राहिला का?"

मी अडीच मीटरचं सांगितलं.

"अडीच मीटर? तेवढ्यात दोन अ‍ॅक्टिवा घुसते, पोरी. आन एक पोट्टा सायकल घेऊन."

मी तिथल्या तिथे अंतर अर्धा मीटर केलं आणि परत चालवलं. गाड्या चिकटल्या, पण रांग तीच. मोटरसायकलसुद्धा पूर्ण लेन अडवून कारच्या मागे शिस्तीत उभी. सुमोची मूळ सवयच अशी: लेन एक, गाडी एक. ही सवय मोडायला 'सबलेन' नावाची सोय आहे. ३.२ मीटरच्या लेनचे मी ०.८ चे चार पट्टे पाडले. मग दुचाकी एका पट्ट्यात, ऑटो दोनात, आणि मधल्या फटीतून पुढे सरकायला वाट. शेजारच्या गाडीपासून ठेवायचं अंतर न सांगता ०.६ मीटर असतं, ते मी ०.२ केलं. 'पुशी' नावाचा आणखी एक आकडा आहे, गाडी दुसऱ्याच्या जागेत किती दामटून घुसते याचा. तोही वाढवला. आता लाल सिग्नलला दुचाकी फटीफटीतून पुढे येऊन झेब्राच्या तोंडाशी गोळा होऊ लागल्या. बाबा पहिल्यांदा खुर्चीत पुढे झुकले.

"आता दिसून राहिलं बरं. पण सिग्नल लाल झाला का हे लगेच थांबते."

"मग थांबायचं नाही का?"

"लाल झाल्यावरचे पहिले दोन सेकंद आपलेच असते ना!"

आणि बघा, सुमोमध्ये नेमकी याचीही सोय आहे. लाल लागून अमुक सेकंदांच्या आत गाडी पोचली तर ती निघून जाईल, असा आकडा प्रत्येक प्रकारच्या गाडीला वेगळा देता येतो. मी ऑटोला दोन दिला, सिटी बसला शून्य. बाबांना हा भेदभाव पटला नाही. बसवाले तीन सेकंद घेतात म्हणाले.

इथे सुमोला पाचपैकी पाच. ज्या माणसाने हे बनवलं त्याने बर्लिनमध्ये बसून मानेवाड्याची कल्पना केली नसेल, पण प्रत्येक स्वभावाला एक कळ ठेवून दिली. कळ कुठे आहे ते मात्र तुम्हीच शोधायचं. माहितीपानं भरपूर आहेत, सगळी इंग्रजीत, नीट लिहिलेली. दोनशे पर्याय एका खाली एक असतात आणि आपल्याला हवा तो नेहमी शेवटच्या तक्त्यात.

खरी मेहनत यानंतर. विझार्ड ज्या गाड्या सोडतो त्या कुठून कुठे जायचं हे फासे टाकून ठरवतो. म्हणजे चित्र छान दिसतं, अर्थ काही नाही. नकाशात लेनची संख्या कोणी भरली नसेल तर रस्त्याच्या प्रकारावरून अंदाजाने धरतो. सिग्नलच्या वेळा माहीत नसतात, म्हणून स्वतःच ९० सेकंदांचं चक्र बसवतो. मी स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले तेव्हा आमचा सिग्नल १३० चा निघाला. या तीन गोष्टी न तपासता कोणी तुम्हाला 'आम्ही तुमच्या शहराचं सिम्युलेशन केलं' म्हणून व्हिडिओ दाखवला, तर चहा घ्या आणि उठा.

मोजणीसाठी चौकातल्या एका चष्म्याच्या दुकानदाराने गच्ची दिली. मंगळवारी संध्याकाळी सहा ते सात, मोबाइल काठीला बांधून, पॉवर बँक लावून. एप्रिल होता, पाऊण तासात मोबाइल तापून बंद पडला. दुसऱ्या मंगळवारी ओला रुमाल गुंडाळला तेव्हा पूर्ण तास मिळाला. रात्री तो व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावून मी दुचाकी मोजल्या, आईने ऑटो मोजले, चुलतभावाने कार. आईचा आकडा सगळ्यात अचूक, दोनदा तपासला. सर्व्हेच्या धंद्यात मी टपरीवर बसून, खर्रा घोटत भरलेले तक्तेही पाहिलेत. ते ओळखू येतात. दर पंधरा मिनिटांना ४२, ४४, ४३, ४४. खरा रस्ता असा कधीच नसतो, खरा रस्ता ३१ नंतर ५८ देतो, कारण मधे शाळेची बस आलेली असते.

आता मॉडेल जुळलं की नाही हे कसं ठरवायचं? यासाठी जीईएच नावाची कसोटी वापरतात, १९७० च्या दशकात लंडनच्या वाहतूक नियोजनात काम करणाऱ्या जेफ्री ई. हेवर्स यांच्या आद्याक्षरांची. ताशी मोजलेला आकडा आणि मॉडेलचा आकडा यांच्यातल्या फरकाचा वर्ग घ्या, दुप्पट करा, दोन्ही आकड्यांच्या बेरजेने भागा, वर्गमूळ काढा. पाचच्या आत आलं तर चालतं, आणि निदान ८५ टक्के ठिकाणी तसं यावं असा रिवाज आहे. रिंग रोडच्या एका बाजूने आम्ही मोजल्या १,२०० गाड्या. सुमोमधून पार झाल्या १,०००. उत्तर ६.०३, नापास. मग अंतर, फट, हिरव्याला सुटायची घाई, एकेक कळ थोडी थोडी फिरवत पाच रात्री गेल्या. १,०५० आल्या तेव्हा उत्तर ४.४७. काठावर पास. कूलरचं पाणी संपलेलं, रात्रीचा दीड वाजलेला, मी घरात एकटीच नाचले.

आणि दुसऱ्या दिवशी तोंडावर पडले. झालं असं की मी मॉडेल निवांत, हळू वेगाने बघत बसले होते. उजवीकडे वळायला थांबलेला एक ऑटो रांगेत अडकला होता. बराच वेळ अडकला होता. आणि बघता बघता तो गायब झाला. जागा मोकळी, मागचे पुढे सरकले. काही वेळाने तोच ऑटो, तोच नंबर, चौक ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर मजेत चाललेला.

याला सुमोमध्ये 'टेलिपोर्ट' म्हणतात. एखादी गाडी ३०० सेकंद जागची हलली नाही तर सॉफ्टवेअर तिला उचलतं आणि तिच्या वाटेवर पुढे जिथे जागा मिळेल तिथे ठेवतं. हेतू चांगला आहे: नकाशातल्या एखाद्या चुकीमुळे अख्खं शहर गोठू नये. पण माझ्या १,०५० मधल्या काही गाड्या चौकातून गेल्याच नव्हत्या, त्या उडून गेल्या होत्या! खालच्या खिडकीत प्रत्येक वेळी पिवळा इशारा येत होता, मी तो कधी वाचला नव्हता. ही सवय बंद करता येते, वेळेच्या जागी उणे एक लिहायचं. लिहिलं, आणि मॉडेल चाळिसाव्या मिनिटाला ठार बंद पडलं. चारही बाजू एकमेकांत अडकलेल्या.

बाबांना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "हा आपला चौक." मग बोट ठेवलं, "पण इथं हा डावीकडे जाणारा कायले थांबून हाय? त्याले फ्री लेफ्ट आहे." नकाशात ती डावीकडची वाट काढलेलीच नव्हती. नेटएडिट या सुमोच्याच रस्ते दुरुस्त करायच्या साधनात ती जोडली, पंधरा मिनिटांचं काम, आणि कोंडी सुटली. एकही गाडी न उडता १,०९०.

आता कामधंद्याचं, कारण बरेच जण त्यासाठीच विचारतात. फक्त सुमो येतं म्हणून नागपुरात कोणी लगेच नोकरी देईल असं समजू नका. कन्सल्टन्सीवाल्यांना व्हिसिम हवं असतं, कारण त्यांच्या रिपोर्टांत तेच चालत आलंय. सुमोला विचारणारे दुसरीकडे आहेत: पुण्या-बंगळुरूकडचे गाड्यांचं सॉफ्टवेअर करणारे लोक. आपोआप चालणारी गाडी तपासायची तर तिच्याभोवती गर्दी लागते. बार्सिलोनाच्या कॉम्प्युटर व्हिजन सेंटरमध्ये घडलेलं कार्ला हे सिम्युलेटर ती गर्दी सुमोकडून घेऊ शकतं. गाड्यांनी एकमेकींशी वायरलेसवर बोलायचं असेल तर व्हेइन्स नावाची जोडणी सुमोला ओम्नेट या नेटवर्कच्या सिम्युलेटरशी बांधते. या सगळ्यात पायथन लागतं, आणि सुमो चालू असताना त्याला बाहेरून हुकूम देणारं 'ट्रासी' लागतं. क्लासला पैसे देण्याआधी निदान ट्रासी म्हणजे काय हे शिकवणाऱ्याला विचारून बघा, चेहऱ्यावर उत्तर दिसेल. तिसरी वाट संशोधनाची. व्हीएनआयटीसारख्या संस्थांत किंवा दिल्लीच्या सीआरआरआय या रस्ते संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर जेआरएफच्या, म्हणजे कनिष्ठ संशोधकाच्या, जागा निघतात. २०२३ पासून केंद्राचा दर महिना ३७,००० आणि वर घरभाडं. पण गेट किंवा नेट मागतात, आणि प्रोजेक्ट संपला की जागाही संपते. माझं गेट सहा वर्षांपूर्वीचं, म्हणजे बाद.

माझी एक मुलाखत झाली, व्हिडिओवर, पुण्याच्या एका कंपनीत. पहिला प्रश्न, "दुचाकीचा पीसीयू किती?" म्हणजे एक दुचाकी किती कारइतकी धरायची. मी म्हटलं, इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६, १९९० प्रमाणे दुचाकी दहा टक्के किंवा जास्त असतील तर ०.७५, पाच टक्क्यांच्या आसपास असतील तर ०.५. पण सुमोमध्ये पीसीयू लागतच नाही, तिथे प्रत्येक गाडी आपली लांबी-रुंदी घेऊन येते. समोरचे गृहस्थ हसले. सर्टिफिकेट त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. टेलिपोर्टची हकीकत मात्र पूर्ण ऐकली, आणि फ्री लेफ्ट कोणी पकडला ते विचारलं. मी खरं सांगितलं. सहा महिन्यांचं कंत्राट मिळालंय, घरूनच काम. मोजणीला आठवड्यातून एकदा गच्ची लागतेच. चष्मेवाल्या काकांना दिवाळीत चिवडा द्यायचा आहे.

एक सावधगिरी. सुमो धुराचाही हिशेब देतं, पण त्यामागचे आकडे एचबीईएफए या युरोपातल्या हँडबुकचे. बाबांच्या ऑटोचा धूर त्यातून काढू नका, आणि काढलाच तर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था असलेल्या गावात कोणाला दाखवू नका. आवाजाचाही हिशेब देतं, हार्मोनॉइज नावाच्या पद्धतीने: टायर घासल्याचा, इंजिनाचा. हे बाबांना सांगितलं तर त्यांनी लॅपटॉपला कान लावला.

"आन हॉर्न?"

हॉर्न नाही बाबा.

"सिग्नल हिरवा झाल्यावर मागचा वाजवतच नाही?"

नाही.

"मग ह्या निघते कशा?"